धूर म्हणजे न जळलेलं लाकूड

माझ्या घरात लाकूड जळतं आणि माझ्या घरात धूर नसतो. सिॲटलच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मराठी कंपूत हे वाक्य टाकलं की लोक दोन प्रकारे हसतात. काहींना वाटतं, ही परदेशात बसून गावाकडची हौस भागवून घेतेय. उरलेल्यांना वाटतं, ही थापा मारतेय, कारण लाकूड म्हटलं की धूर आलाच. पहिल्यांकडे मी नंतर येते. माझं खरं भांडण दुसऱ्यांशी आहे. ते बहुतेक सगळे माझ्यासारखेच इंजिनिअर आहेत, आणि 'धूर आलाच' असं इंजिनिअरने म्हणणं ही मला आता निव्वळ बेपर्वाई वाटते.

आमच्या भाड्याच्या घरात विटांची जुनी फायरप्लेस आहे, सिनेमात दाखवतात तशी. उघडी फायरप्लेस दिसायला सुंदर, पण घर गरम करण्याचं यंत्र म्हणून भिकार. लाकडातली जेमतेम १० टक्के उष्णता खोलीत येते, आणि वर जाणारी हवा खोलीतली होती ती ऊबही ओढून नेते. म्हणून त्या कोनाड्यात घरमालकांनी इन्सर्ट बसवून घेतलाय. इन्सर्ट म्हणजे काचेचं दार असलेली पोलादी पेटी. आत उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा, छताशी भोकं पाडलेल्या नळ्या, धुराड्याच्या तोंडापर्यंत गेलेला स्टेनलेस स्टीलचा पाइप, आणि हवा कमीजास्त करायला समोर एक दांडी. एवढंच.

आता आत जळतं काय ते बघा. लाकूड तापलं की आधी त्यातल्या पाण्याची वाफ होते. मग लाकूडच फुटतं आणि त्यातून वायू सुटतात. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंत असते. साधारण ६०० अंशांच्या वर तापमान आणि पुरेशी गरम हवा मिळाली तर ते पेटतात. नाही मिळाली तर तेच थंड होऊन धूर होतात, आणि जाताजाता पाइपला डांबरासारखे चिकटतात. छताशी असलेल्या त्या नळ्या पेटीतच तापलेली हवा नेमकी या वायूंवर सोडतात. मग ओंडक्याच्या वीतभर वर, अधांतरी, ज्वाळा हलताना दिसतात. तिथे लाकूड नसतं. तिथे धूर जळत असतो.

पेटी आणली की झालं, असं मात्र नाही. मला ती नीट चालवता यायला दोन हिवाळे लागले. शेजारच्या निवृत्त आजोबांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात काडेपेटी दिली नाही, ओल मोजायचा मीटर दिला. ओंडका फोडायचा, ताज्या फोडलेल्या अंगात मीटरची टोकं खुपसायची, आकडा २० च्या खाली असेल तरच ते जळण. ५ किलोच्या ओंडक्यात वजनाच्या ४० टक्के ओल म्हणजे २ लिटर पाणी. असा ओंडका टाकलात तर तुम्ही घर तापवत नाही, पाणी आटवत बसता. आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इन्सर्टमध्ये ओल्यापायी सुकंही विझतं. इथे ऑक्टोबरात पाऊस लागतो तो वसंतापर्यंत. म्हणून डग्लस फर वसंतातच फोडायचं, जमिनीपासून उचलून रचायचं, वरून झाकायचं, बाजूंनी वारा खेळू द्यायचा, आणि अख्खा उन्हाळा त्याच्याकडे बघायचंही नाही. सप्टेंबरात 'वाळलेलं' म्हणून विकायला येणारं लाकूड फार वेळा वाळलेलं नसतं.

पेटवायचं वरून. मोठे ओंडके तळाला, त्यावर बारीक फोडी, सगळ्यात वर ढलप्या. रात्रभर धुमसत राहावं म्हणून दांडी घट्ट बंद करायची नाही. डांबर साचतं ते तेव्हाच, आणि पाइपातलं डांबर पेटलं तर घराला आग लागू शकते. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, कारण राखेच्या पोटात निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. वर्षातून एकदा धुराडं साफ करून घ्यायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि परीक्षा एकच: पेटवल्यावर वीसेक मिनिटांनी अंगणात जाऊन धुराड्याकडे बघायचं. तिथे फक्त हवा थरथरताना दिसली पाहिजे.

मी लाकडाची भक्त नाही. आमच्याकडे रोजचं काम हीट पंप करतो, इथली वीज बरीचशी पाण्यावरची आहे, आणि कितीही चांगला इन्सर्ट हीट पंपापेक्षा जास्त सूक्ष्म कण हवेत सोडतोच. पण १९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळात लाखो घरांची वीज गेली. आमच्या गल्लीत ती चार दिवस आली नाही. हीट पंप मुका झाला, इन्सर्टचा पंखासुद्धा बंद पडला, पेटी मात्र तापत राहिली. उलट थंडीत हवा कोंडून खराब झाली की आमच्या भागात सरकारी बंदी येते: पहिल्या टप्प्यात उघड्या फायरप्लेस आणि जुन्या, प्रमाणपत्र नसलेल्या शेगड्या बंद, दुसऱ्या टप्प्यात, ज्यांच्याकडे ऊब मिळवायचं दुसरं काही साधन नाही त्यांना सोडून, सगळ्यांच्याच बंद. मला ही बंदी पूर्ण मान्य आहे.

प्रमाणपत्र म्हणजे काय, ते सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लाकडाच्या शेगड्यांना धुराची मर्यादा पहिल्यांदा १९८८ मध्ये घातली. २०१५ मध्ये नियम नवे केले, आणि मे २०२० पासून मर्यादा आणली तासाला २ ग्रॅम कणांवर. ती पाळणारी शेगडीच विकता येते. शेजारच्या ओरेगन राज्यात घर विकताना जुनी अप्रमाणित शेगडी काढून टाकावी लागते. या सगळ्यात कायद्याने धरलं ते शेगडी बनवणाऱ्याला. धूर झाला तर आधी प्रश्न विचारला जातो यंत्राला.

आता पाटण तालुक्यातल्या माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात या.

आजीला मीटर लागत नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटून आवाजावरून ती ओल सांगते. आगोटीच्या आधी तिचं सरपण पडवीत रचून झालेलं असतं, आणि चूल पेटायची तिच्याच वरच्या माळ्यावर पुढच्या आठवड्याचं जळण सुकत असतं. कुठलं लाकूड तडतडतं, कुठलं डोळ्याला झोंबतं, भाकरीला निखारा कशाचा धरतो, हे सगळं तिला पाठ आहे. मी दोन हिवाळ्यांत शिकले त्याच्या कितीतरी पुढे ती आहे. तरी तिचं स्वयंपाकघर काळं आहे आणि तिच्या उशाशी दम्याचा पंप आहे. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला होता, "विडी ओढता का?"

तिच्याकडे नाही ती पेटी. चुलीला दार नाही, आचेला चारी बाजूंनी थंड हवा लागते, त्यामुळे वायू पेटण्याइतके तापतच नाहीत. हवा कमीजास्त करायला दांडी नाही. आहे ती फुंकणी. फुंकणीची यंत्ररचना नीट बघा. हवा सोडायचा भाता म्हणजे बाईची छाती, आणि तो भाता विस्तवापासून हातभर अंतरावर, धुरातच श्वास घेतो. असलं डिझाइन कॉलेजच्या व्हायव्हाला कुणी मांडलं असतं तर बाहेर काढलं असतं.

आणि आपण काय केलं? उपदेश. खिडकी उघडी ठेवा, ओलं जळण वापरू नका, लेकराला जवळ बसवू नका. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: एक युजर चुकला तर युजर चुकला असेल, पण लाखो युजर एकाच जागी अडखळत असतील तर स्क्रीन चुकीची आहे. ॲपच्या बटणाबद्दल आम्ही हे तत्त्व प्राणपणाने पाळतो. चुलीबद्दल नाही, कारण चुलीच्या युजरकडे रेटिंग द्यायची सोय नाही.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. कर्क स्मिथ यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन स्वयंपाकघरातला धूर मोजला, तेव्हापासून आकडे जगासमोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकातच सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. वाटलेल्या चुलींचे आकडे मिळतात. पाच वर्षांनी किती पेटत होत्या, हे विचारलं की कागद संपतात. भारतीय मानक ब्युरोचं बायोमास चुलीसाठी मानकसुद्धा आहे. पण आजीची चूल दुकानातून येत नाही, ती स्वतः लिंपते. मानकाचा शिक्का मारायचा कुठे?

'आता गॅस आला की,' असं मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. आला. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या, आणि माझ्या मते शेवटचं उत्तर गॅस किंवा वीज हेच आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्वच्छ इंधनावर रांधणारी घरं होती ५९ टक्क्यांच्या आसपास. आणि ज्या घरात सिलिंडर आहे तिथेही चूल विझलेली नाही. आजीकडे सिलिंडर आहे. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचं होतं. आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर, कारण सिलिंडरला पैसे पडतात आणि सरपण फुकट असतं. फुकट अशासाठी, की ते गोळा करणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही.

इन्सर्ट उचलून पाटणला नेऊन ठेवा, असंही मी म्हणत नाही. बसवण्यासकट त्याला हजारो डॉलर लागतात, आणि तो घर तापवायला बनलाय. आजीला भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यापुढे फुगवायची असते. जिच्या तोंडाशी निखारे ओढता येत नाहीत ती चूल तिच्या काय कामाची? तिचं जळण म्हणजे मोजून फोडलेले ओंडके नव्हेत, काटक्या, तुराट्या, शेणी, मिळेल ते. म्हणजे तिचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. अवघड प्रश्न हुशार माणसांना द्यायचे असतात ना? आमच्या बॅचची हुशार माणसं सध्या जेवण १० मिनिटांत दारात कसं पोचेल यावर काम करताहेत. मीही फार पुण्याचं काम करते असं नाही. जाहिराती दाखवणाऱ्या सिस्टिम सांभाळते.

राहिले पहिले, हौसवाले. पुणे-सातारा रस्त्याने जा, 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरचा चहा', पाट्याच पाट्या. चहाला चुलीची चव कुठून लागते, हे मला कुणी तरी शांतपणे समजावून सांगा. तुम्ही जिला खमंग वास म्हणता ते न जळलेलं लाकूड असतं. तुमच्या नाकात ते अर्धा तास जातं, नंतर तुम्ही एसी लावून पुढे निघता. पुढच्या खेपेला थांबलात तर रील काढायच्या आधी मागच्या शेडपर्यंत जा. चुलीवर धुराडं आहे का बघा. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी सकाळी किती वाजता बसल्या आणि कधी उठणार, ते त्यांनाच विचारा. मग गल्ल्यावर जाऊन मालकांना विचारा, पाटीवर चूल लिहिल्यामुळे थाळीमागे जे चाळीस-पन्नास रुपये जास्त मिळतात, त्यातले मावशींना किती देता.