अंथरूण पाहून व्याख्यान

भालकीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. मुलगा परदेशातून एम.बी.बी.एस. होऊन घरी आला, पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय त्याला पेशंटला हात लावता येत नाही. त्या लिहितात, "मोबाईलवरची व्याख्याने विकत घ्यायची म्हणतो. एक मित्र सांगतो ही घे, दुसरा सांगतो ती घे. यांनी पैसे बाजूला काढून ठेवलेत, पण घ्यायचे कोणते तेच ठरत नाही. तुमच्या घरी हे सगळे होऊन गेले असे ऐकले. काय करावे?"

ऐकले ते खरे आहे, ताई. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा किर्गिझस्तानात शिकून आला आणि दोन वर्षे आमच्या घरात ही एकच परीक्षा नांदत होती. मी काही डॉक्टर नाही. पण त्या दोन वर्षांत शिकवणी निवडण्याबद्दल जे शिकले, ते तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या इतर घरांसाठी लिहिते.

आधी परीक्षेविषयी, कारण पुष्कळ आईवडिलांना पोराच्या परीक्षेचे नाव तेवढे माहीत असते. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांसाठी ही चाळणी परीक्षा २००२ सालापासून आहे. तिला एफएमजीई म्हणतात आणि ती दिल्लीचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. वर्षातून दोन सत्रे असतात. एकाच दिवशी दोन भागांत १५०-१५० असे एकूण ३०० प्रश्न, प्रत्येक भागाला १५० मिनिटे. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. पास व्हायला १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपे वाटते ना? पण अलीकडच्या वर्षांत निकाल बहुधा शंभरात दहा ते तीस एवढाच लागत आला आहे. म्हणून नापास झालेले पोर ढ आहे असे कोणी समजू नये.

आमचा मुलगा पहिल्या वेळी १३८ वर थांबला, दुसऱ्या वेळी १४४ वर. पहिल्या वेळी त्याने एका कंपनीची व्याख्याने घेतली होती. नापास झाल्यावर वाटले की व्याख्यानेच कमी पडली, म्हणून दुसऱ्या कंपनीचीही घेतली. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे त्यात गेले. मॅरो, प्रेपलॅडर, डॅम्स, सेरेबेलम ही नावे आमच्या घरात वाण्याच्या यादीसारखी रोजची झाली. दिवसाचे दहा तास कानाला यंत्र लावून पोरगा बसलेला. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, "दहा दहा तास अभ्यास करतो हो." तो अभ्यास नव्हता, ते ऐकणे होते. हा फरक आमच्यापैकी कोणालाच कळला नाही. कळला तो माझ्या आईला.

माझी आई बिदरकडची. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. थंडीत ती आमच्याकडे आदिलाबादला आली होती. तिच्या गावी कुणाला तरी कामाले, म्हणजे आपली कावीळ झाली होती. तिने सहज विचारले, "डॉक्टरा, कावीळ झाली की डोळे पिवळे का होतात रे?" त्या दिवशी सकाळीच त्याने यकृतावरची तीन तासांची व्याख्याने संपवली होती. तो म्हणाला, "आजी, बिलिरुबिन वाढतं." अव्वा म्हणाली, "म्हंजे?" त्याने इंग्रजीत आणखी दोन शब्द सांगितले. अव्वाने परत विचारले, "तिळीतेनु?" तिला म्हणायचे होते, मला नाही समजले, तुला तरी समजले का? पोरगा गप्प झाला. रात्री जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तोच विषय दुसऱ्या एका शिक्षकाकडून ऐकला. व्याख्यान चाळीस मिनिटांचे. ऐकून फोन बंद केला आणि अव्वापुढे येऊन बसला. "आजी, रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात. त्यातून एक पिवळा रंग निघतो. तो यकृताकडे जातो, यकृत त्यावर काम करून पित्तातून बाहेर टाकतं. आता गिरणी समज. दाणे फार आले, किंवा गिरणीच बिघडली, किंवा पीठ पडायची वाट तुंबली, तर घोटाळा होणारच. तसंच तीन कारणांनी हा रंग अंगात साठतो आणि डोळ्यांत दिसतो." अव्वा म्हणाली, "हां, आता तिळीतु."

त्या दिवसापासून त्याने निवडीची पद्धत बदलली. तीच तुम्हाला सांगते. पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणची फुकट पाहायला मिळणारी दोन-चार व्याख्याने काढावीत. एकच विषय दोन-तीन शिक्षकांकडून ऐकावा. ऐकल्यावर वही-फोन मिटून घरातल्या कुणालाही आपल्या भाषेत समजावून सांगावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विषयाचे वीस प्रश्न सोडवावेत. ज्या शिक्षकाचे ऐकून सांगता येते आणि दुसऱ्या दिवशी आठवते, तो आपला शिक्षक. मग तो नावाजलेला असो की नसो. आणि एकाच कंपनीचे सगळे शिक्षक सारखे नसतात, म्हणून परीक्षा निदान तीन विषयांत घ्यावी.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि आपल्या दोन भाषांच्या घरांना तो अधिक कळेल. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवत असत. आजची मोबाईलवरची बरीच व्याख्याने हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत असतात. आमच्याकडच्या पोरांना घरी मराठी, बाजारात तेलुगू, वर दखनी हिंदी, त्यामुळे ती मिसळ पचते. पण बेळगाव-धारवाडकडच्या एखाद्या मुलीला सरळ इंग्रजीच सोपी जाईल. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. म्हणून समजायला कोणतीही भाषा चालेल, प्रश्नांचा सराव इंग्रजीतूनच हवा.

दुसरी गोष्ट हिशोबाची. अव्वाची एक म्हण आहे, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. व्याख्यानांचे अंथरूण म्हणजे परीक्षेपर्यंतचे दिवस. समजा, १५० दिवस हातात आहेत. सणवार, लग्नकार्य, ताप-खोकला यांचे वीस दिवस आधीच वजा करा. उरले १३०. रोज तीन तासांपेक्षा जास्त ऐकू नये, कारण बाकीचा वेळ प्रश्न सोडवायला आणि चुका तपासायला लागतो. म्हणजे झाले ३९० तास. आता जो संच घ्यायचा आहे त्याचे एकूण तास पाहा. आठशे-नऊशे तासांचा असेल, तर तो कितीही उत्तम असला तरी तुमच्या अंथरुणाबाहेरचा आहे. तो पदवीच्या वर्षांत, हळूहळू ऐकायचा. परीक्षा जवळ आलेल्याने उजळणीचा छोटा संच घ्यावा आणि पूर्ण करावा. आमच्या मुलाने दोन मोठे संच घेतले आणि दोन्ही अर्धे सोडले.

तिसरी गोष्ट गुणांची. कोणत्या विषयाला किती गुण हे मंडळानेच ठरवून दिलेले आहे. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांना प्रत्येकी १७. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र यांना प्रत्येकी १३. न्यायवैद्यकाला १०. डोळे, कान-नाक-घसा आणि बालरोग यांना प्रत्येकी १५. मेडिसीनला त्याच्या जोडविषयांसह ४८, सर्जरीला जोडविषयांसह ४७. स्त्रीरोग-प्रसूतीला ३० आणि सामाजिक आरोग्याला, म्हणजे ज्याला मुले पीएसएम म्हणतात त्याला ३०. शेवटच्या चारांची बेरीज करा, १५५ होते. आमच्या मुलाने पहिले दोन महिने शरीररचनेला दिले होते, १७ गुणांसाठी. पीएसएमला शेवटचे चार दिवस उरले होते. व्याख्यानांची यादी जशी येते तशी ऐकत गेले की असे होते. क्रम आपण लावायचा.

चौथी गोष्ट फार थोडे लोक विचारतात, ती म्हणजे व्याख्यान कधीचे आहे. शरीररचना दहा वर्षांपूर्वीची चालेल, हाडे काही बदलत नाहीत. पण क्षयरोगाची औषधे पूर्वी सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा देत, २०१७ पासून देशभर रोज देण्याची पद्धत आली. त्या कार्यक्रमाचे नावही २०२० मध्ये बदलले. न्यायवैद्यकात तर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, सगळी कलमे बदलली. जुने व्याख्यान पाठ करून गेलेले पोर जुनेच उत्तर लिहून येणार. कोणी टेलिग्रामवरून चोरून उतरवलेली व्याख्याने स्वस्तात देत असेल तर ती घेऊ नका. ती चोरी तर आहेच, शिवाय बहुधा शिळीही असते.

पैशाचे विचारलेत म्हणून सांगते. पैसे भरण्याआधी मुदत किती महिन्यांची ते पाहा आणि परीक्षेची तारीख पुढे गेली तर काय, हे विचारा. किती फोनांवर चालते, व्याख्यान उतरवून ठेवता येते का, हेही विचारा, कारण आपल्या गावातल्या विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा आपल्याला माहीत आहे. प्रश्नसंच सोबत आहे का, की वेगळे पैसे, हे पाहा. दोन संचांपेक्षा एक संच आणि एक चांगला प्रश्नसंच केव्हाही बरा. पुढेमागे या परीक्षेच्या जागी 'नेक्स्ट' नावाची परीक्षा आणायची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. त्या नावाने आज कोणी महागडे संच विकत असेल, तर आधी आयोगाची सूचना निघाली आहे का ते पाहा.

आमचा मुलगा तिसऱ्या वेळी १६३ गुणांनी पास झाला. व्याख्यानांमुळे झाला असे मी म्हणणार नाही, कष्ट त्याचेच. पण या वेळी त्याने एकच छोटा संच ऐकला, रोज शंभर प्रश्न सोडवले आणि रात्री अव्वाला, ती बिदरला गेल्यावर फोनवर, एक विषय समजावून सांगितला. पीएसएममधले सिकलसेल तिला सांगताना तो म्हणाला होता, "आजी, हा आजार आपल्या उटनूरकडच्या गोंड वस्त्यांत आहे. मी चार दिवसांत उरकत होतो तो हा विषय." सध्या तो वर्षाची इंटर्नशिप करतो आहे. आमच्या जिल्ह्यात २००८ पासून रिम्ससारखे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी आतल्या खेड्यांना डॉक्टर हवेच आहेत. असे पोर दोन-चार गुणांनी घरी बसले तर नुकसान एकट्या घराचे नसते.

ताई, शेवटी एक आपल्यासाठी. आम्ही त्याला रोज विचारायचो, "आज किती व्याख्यानं झाली?" तो आकडा सांगायचा आणि आमचे समाधान व्हायचे. त्याच्या मनात काय चालले आहे ते दोन वर्षे आम्हाला कळले नाही. तुम्ही आकडा विचारू नका. रात्री जेवताना मुलाला म्हणा, आज काय समजले ते मला सांग. मराठीत सांगू दे, कानडीत सांगू दे. त्याला सांगता आले तर व्याख्यान बरोबर निवडले आहे असे समजा. नाही आले, तर रागावू नका. व्याख्यान बदला.