खेड्यातले इंटरनेट : बिघाड नेमका कुठे?

महाडीबीटीवर शेती यंत्रांच्या अनुदानासाठी पूर्वी सोडत निघत असे. २०२५ पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आले. सरळ अर्थ असा, की ज्याचे नेट चालू तो पुढे, ज्याचे बंद तो मागे. ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा हीही कामे एकतर मोबाईलवर, नाहीतर सेवा केंद्राच्या रांगेत. घरातली जोडणी ही आता चैन राहिलेली नाही.

पण अडचण आली की गावात एकच वाक्य ऐकू येते : 'नेट गेलं.' ठिबकला पाणी आले नाही तर आपण एवढ्यावर थांबतो का? आधी मोटर बघतो, मग फिल्टर, मेन लाईन, लॅटरल आणि शेवटी ड्रीपर. नेटचीही तीच रीत.

पहिली तपासणी घरातल्या बॉक्सच्या दिव्यांची. एकही दिवा नसेल तर अॅडॉप्टर किंवा लाईट बघावी. 'एलओएस' या अक्षरांजवळ लाल दिवा लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. केबल तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा कोपऱ्यात करकचून वाकली असेल. आत काचेचा तंतू असतो. तो गाठ मारून गुंडाळू नये. अशा वेळी बॉक्स दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच करावी.

दिवे ठीक आहेत, तर मोबाईल घेऊन बॉक्सजवळ उभे राहावे. तिथे नेट चालते आणि आतल्या खोलीत नाही, म्हणजे दोष भिंतीचा. जाड दगडी भिंत, पत्रा आणि लोखंडी कपाट लहरी अडवतात. बॉक्स कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. दोन नावे दिसत असतील, तर ५ गिगाहर्ट्झचे वेगवान पण जवळपुरते, २.४ चे लांबवर पोचते.

बॉक्सजवळही चालत नसेल तर रिचार्ज संपला का, ठरलेला डेटा वापरून वेग उतरला का, हे पाहावे. मग बॉक्स बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. मागच्या बारीक छिद्रातले 'रिसेट' मात्र दाबू नये. सगळी मांडणी पुसली जाते.

शेवटची पायरी लोक विसरतात. दुसरे संकेतस्थळ उघडून बघा. ते उघडते आणि सरकारी पोर्टल उघडत नाही, तर बिघाड पोर्टलचा, तुमच्या घराचा नव्हे. गर्दी कमी असताना, पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा.

आता घराबाहेरचे बघू. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले, त्यात देखभालीचाही समावेश आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण केबल टाकणे एकदाच होते. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडणे वारंवार होते. पंचायतीपर्यंत आलेली केबल घरापर्यंत पोचली आणि टिकली, तरच खर्च कामी आला म्हणायचा.

ग्राहकाच्या हातातही हत्यार आहे. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ एमबीपीएस वेग लागतो. तक्रार फोनवर तोंडी सांगून सोडू नये, तिचा क्रमांक मागून वहीत तारखेसह लिहावा. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील यंत्रणेकडे विनाशुल्क जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे अर्ज धाडण्यात दिवस घालवू नयेत.

वायरमनला नुसते 'नेट गेलं' सांगितले तर तोही फिरतच राहतो. 'लाल दिवा सकाळपासून आहे' असे सांगितले, तर तो थेट केबल शोधायला निघतो. आणि तक्रार नोंदलीच नाही, तर नेट बंद असले तरी कागदोपत्री गाव जोडलेलेच राहते.