सूर आमचे, मैफल कुणाची?

मिरजेत घडलेला तंबोरा आज देशभरच्या मैफलींत गवयाच्या पाठीशी उभा असतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी कौतुकाने बातम्या दिल्या. ही वाद्ये घडवणारी बहुतेक घराणी मुसलमानांची आहेत. साहजिकच आम्हालाही आनंद झाला. पण त्या आनंदाच्या मागोमाग एक प्रश्न उभा राहिला आणि तो आता बाजूला सारता येत नाही. जो समाज तंबोरा घडवतो, त्या समाजाच्या मोहल्ल्यात तो किती घरांत वाजतो? महाराष्ट्रातल्या किती मुसलमान वस्त्यांत महिन्यातून एकदा तरी दहा माणसे सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात आणि गाणे ऐकतात?

उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच हा लेख उस्तादांच्या गौरवासाठी लिहिलेला नाही. तसे गौरवलेख पुष्कळ झाले. आमचे म्हणणे वेगळे आहे. मराठी मुसलमानांच्या वस्तीतून गाणे गेलेले नाही, एकत्र बसून ऐकणे गेले आहे. आणि ते आपोआप गेले नाही, घालवले गेले आहे.

आधी आपल्या पदरी काय होते ते पाहू. मिरजेतले हे वाद्यकारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारांना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया सरल्या, हत्यारांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी हात तंतुवाद्यांकडे वळवला. पंढरपूर परिसरातले मोठाले कडू भोपळे आणून वाळवायचे, त्यांना दांडी जोडायची, घोडी घासून तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी काढायची. ती गुंजणारी आस कानाने ओळखावी लागते, मापपट्टीने ती मिळत नाही. त्याच शिकलगारांपैकी एक सगनभाऊ. जेजुरीचा हा मुसलमान शाहीर पेशवाईच्या उत्तरकाळात मराठी लावणीचा मानकरी ठरला. आमच्या शाळकरी मुलांना होनाजी बाळा ठाऊक असतो, राम जोशी ठाऊक असतो. सगनभाऊ आपला होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. शाळा सांगत नाही आणि घरही सांगत नाही.

कैरान्याहून आलेले अब्दुल करीम खाँ मिरजेचेच होऊन गेले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव भरतो, त्याचे मूळ अशा रीतीने एका मुसलमान गवयाच्या घरात आहे. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब वारले आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केले. त्या दर्ग्याच्या उरुसात आजही देशभरचे कलावंत हजेरी लावायला येतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँना आश्रय दिला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यान अवकाशात सोडले तेव्हा त्यासोबतच्या तबकडीवर हिंदुस्थानातून जे गाणे गेले ते केसरबाईंचे. मुंबईत भेंडीबाजारासारख्या गजबजलेल्या मुसलमान वस्तीच्या नावाने एक गायकीचे घराणे ओळखले जाते. बाजाराचे नाव घराण्याला मिळाले, यावरून त्या काळी वस्ती आणि गाणे किती जवळ होते ते कळते.

आणि हे फक्त उस्तादांचे नव्हते. दख्खनच्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामे आहेत, बायकांनी जात्यावर दळताना गायची दखनी गाणी. चरख्यावर गायचे चरखानामे आहेत. कोकणातल्या आमच्या आयाबहिणींनी लग्नघरात रात्र रात्र गाणी म्हटली. हळदीची गाणी, मेंदीची गाणी, वरपक्षाला चिमटे काढणारी गाणी. त्यांना कुणी उस्ताद म्हटले नाही. त्यांनी बिदागी घेतली नाही. शेजारणी जमल्या की गाणे सुरू व्हायचे, इतका साधा मामला होता.

मग हे गेले कुठे?

पहिले उत्तर मिळते ते असे की संगीत इस्लामला मंजूर नाही. आम्ही आलिम नाही आणि फतवे देण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. वाद्यसंगीत निषिद्ध मानणाऱ्या उलेमांची परंपरा मोठी आहे, जुनी आहे, हे आम्हाला मान्य आहे. तसे मानून जो स्वतः दूर राहतो त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते हेच एकमेव मत आहे असे रेटून सांगणाऱ्यांशी. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र यांनी त्यांना दटावले आणि पैगंबरांनी त्या मुलींना गाऊ दे म्हणून सांगितले. ही हदीस बुखारीत आहे, ती आम्ही रचलेली नाही. इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. निजामुद्दीन औलियांना समाअच्या प्रश्नावर गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर बाजू मांडावी लागली आणि त्यांनी ती मांडली. त्यांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब दख्खनला आले, १३३७ मध्ये वारले, खुलदाबादेत त्यांची मजार आहे. समाअची त्यांची ओढ प्रसिद्ध होती. म्हणजे हा वाद आपल्या घरात सातशे वर्षे चालू आहे. त्यातली एक बाजू पुसून टाकून दुसरीला धर्म म्हणायचे, ही लबाडी आहे.

गझालींच्या त्या विवेचनातली एक गोष्ट आज विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. समाअसाठी तीन गोष्टी पाहाव्यात असे जुने सूफी सांगत आले: जमान, मकान, इख्वान. वेळ कोणती, जागा कोणती आणि सोबतीला कोण. ऐकणे ही एकट्याची चैन नाही, सोबत कोण बसले आहे यावर त्याचे भलेबुरे ठरते, ही समज त्या बुजुर्गांना होती. आणि आज आपण नेमकी तीच सोबत मोडली आहे. मोहल्ल्यात पाहा. गाणे बंद झाले आहे का? प्रत्येक तरुणाच्या खिशात मोबाईल आहे, कानात बोंडे आहेत. मैफलीला नावे ठेवणारा जवानही रिक्षात, बसमध्ये, रात्री गोधडीत गाणी ऐकतोच. निर्बंधाने गाणे थांबवले नाही, फक्त त्याला चोरटे केले. चार माणसांत बसून काय ऐकावे, काय टाकावे, कुठे दाद द्यावी हे शिकण्याची जागा तेवढी गेली. चोरून ऐकणाऱ्याची रुची घडत नाही. समोर येईल ते तो ऐकतो.

त्याचे फळ रस्त्यावर दिसते. ज्या समाजाला तंबोऱ्याची जवारी नकोशी झाली, त्याच समाजाच्या काही मंडळांना संदलच्या आणि ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर मात्र चालतात. २०२४ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. गणेशोत्सवात जो आवाज घातक, तो ईदच्या जुलूसमध्येही घातकच, असा न्यायालयाचा सरळ सवाल होता. अनेक जाणत्या मौलानांनीही या डीजेविरुद्ध आवाज उठवला, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. पण नुसती बंदी पुरेशी नाही. ज्या पोराला कानाला गोड काय ते कधी ऐकवलेच नाही, तो छातीत धडधडणाऱ्या आवाजालाच गाणे समजणार. त्याच्या हातून डीजे काढून घ्यायचा असेल तर त्या हातात काहीतरी द्यावे लागेल.

दुसरे उत्तर सुशिक्षितांकडून येते. ते म्हणतात, समाजापुढे शिक्षण, रोजगार, घर, सुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न आहेत. सच्चर समितीने २००६ साली आरसा दाखवला. अशा वेळी गाण्याचे कसले लाड? आम्ही या प्रश्नांना दुय्यम मानत नाही. पण हा युक्तिवाद पोटभरल्यांचा आहे. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, कामगारांच्या सभेत डफ घेऊन उभा राहिला तेव्हा समोरची माणसे तृप्त नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजाने मैदाने भरली. गरिबाला आधी भाकरी, मग गाणे, असा क्रम गरिबांनी कधी लावला नाही. जात्यावर दळता दळता गाणाऱ्या बाईचा दळणाचा आणि ओवीचा वेळ एकच होता. शिवाय ज्या वस्तीत माणसे कुठल्याच निमित्ताने एकत्र बसत नाहीत, फक्त मय्यतीला आणि भांडणाला जमतात, ती वस्ती शाळेसाठी आणि पाण्याच्या नळासाठीही एकत्र येत नाही.

आता बाहेरच्यांशीही दोन शब्द. गंगाजमनी संस्कृतीवर भाषण ठोकताना आमचे उस्ताद हमखास आठवतात. मंचावर नावे घेतली जातात, फोटोला हार घातला जातो. मात्र त्याच उस्तादांच्या नावाचा माणूस घर भाड्याने मागायला आला की दार बंद होते. २००२ मध्ये बडोद्यात फैयाज खाँ यांच्या कबरीची नासधूस झाली. ज्यांचे गाणे ऐकून दोन पिढ्यांनी मान डोलावली, त्यांची कबरही सुरक्षित राहिली नाही. २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरजेतच दंगल पेटली. दर्गा तोच, गल्ल्या त्याच. म्हणून संगीत दंगली थांबवते असला भाबडा दावा आम्ही करणार नाही. वर्षातून एकदा उरुसात शेजारी बसल्याने मने जुळत नाहीत. त्यासाठी बाकीच्या दिवसांतही एकमेकांच्या ओसरीवर बसावे लागते. मेलेल्या उस्तादाचे कौतुक करणे सोपे आहे. जिवंत शेजाऱ्याला गाणे ऐकायला घरी बोलावणे आणि त्याच्या घरी जाणे, हे खरे काम आहे. ते दोन्ही बाजूंनी टाळले जात आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती म्हणजे आमच्या मुली. अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून जाहीर मैफल करण्याची हिंमत ज्या पहिल्या काही स्त्रियांनी दाखवली, त्यांत हिराबाईंचे नाव मानाने घेतात. आज आमच्या मुली डॉक्टर होतात, वकील होतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. हे सारे अभिमानाचे आहे. पण त्यांतल्या एखादीचा गळा गोड असेल तर नात म्हणण्यापलीकडे तिला वाट नाही, आणि तीही शाळा सुटेपर्यंतच. लग्नघरातली बायकांची गाणी तर आता हॉल भाड्याने घेऊन लावलेल्या रेकॉर्डने गिळली. ज्या एका जागी आमच्या बायका मोकळ्या आवाजात गात होत्या, तीही गेली. याबद्दल हळहळणारा एक ठराव कुठल्या जमातीने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तेव्हा करायचे काय? अकादमी काढा, अनुदान मागा, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी पैशाने संगीताचे भवन उभे राहील, ऐकणारे उभे राहणार नाहीत. आमची मागणी लहान आहे आणि ती सरकारकडे नाही, आपल्याच लोकांकडे आहे. मोहल्ल्यातली एक खोली, महिन्यातला एक शनिवार. वाचनालयाची असो, शाळेची असो, कुणाच्या माडीवरची असो. दहा माणसे पुरेत. गाणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर जुन्या ध्वनिमुद्रिका आता मोबाईलवरही सापडतात. तो मोबाईल कानातून काढून मधोमध ठेवा. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलवा, त्यांना आठवणारी लग्नाची गाणी म्हणायला लावा आणि मुलींनी ती वहीत उतरून घ्यावीत. जवळपास वाद्ये घडवणारा, दुरुस्त करणारा कारागीर असेल तर त्याला घोडी कशी घासतात ते दाखवायला बोलवा. शेजारच्या आळीतल्या चार जणांना आवर्जून आमंत्रण द्या. नमाजाची वेळ सांभाळा, शेजाऱ्याची झोप सांभाळा. ज्याला हे पटत नाही त्याला ओढून आणू नका, पण त्याने दाराला कुलूप लावायला आला तर लावू देऊ नका.

मिरजेतल्या कारागिराची पुढची पिढी हा धंदा धरेल की नाही, हे मानांकनाच्या कागदावर ठरणार नाही. तंबोऱ्याची जवारी कळणारे कान आपल्या वस्तीत शिल्लक राहतात का, यावर ते ठरेल. तंबोरा विकणारा समाज म्हणून आपल्याला जग ओळखते. तो ऐकणारा समाज व्हायचे की नाही, हे जग ठरवणार नाही, कुठला फतवाही ठरवणार नाही. ते आपल्याला, येत्या शनिवारी, आपल्या मोहल्ल्यात ठरवायचे आहे.