पाठ टेकवायची नाही

रविवारी रात्री साडेदहाला धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. मी सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या अकराव्या स्लाइडवर अडकलेलो.

"दादा, अंडरटेकर मास्तर झाला!"

स्लाइड, झोप आणि अंडरटेकर यांचा मेळ लागायला जरा वेळ गेला. मग त्याने क्लिप पाठवली. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेत 'डब्ल्यूडब्ल्यूई एलएफजी' नावाचा रिअॅलिटी शो सुरू झाला, त्याची. होतकरू पोरं-पोरी, त्यांना शिकवायला जुने दिग्गज, आपसात स्पर्धा आणि शेवटी जिंकणाऱ्याला करार. शिकवणाऱ्यांत बुकर टी, मिकी जेम्स, बुब्बा रे आणि आपला अंडरटेकर.

'आपला' म्हणायचा हक्क आमच्या पिढीला आहे, बॉस. जळगावात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असायचं. तेव्हा कूलरसमोर आडवं पडून आम्ही एकच उद्योग करायचो, ट्रम्प कार्ड्स. उंची, वजन, छाती, दंड, रँक. गणिताचे पाढे पाठ नव्हते, पण योकोझुनाचं वजन पाठ होतं. अंडरटेकर सात वेळा मेलाय आणि सात वेळा उठलाय, ही बातमी जळगावातल्या प्रत्येक शाळेत अगदी खात्रीलायक सूत्रांकडून पोचली होती. हे सगळं खोटं असतं, असं सांगणारा मुलगा वर्गात एखादाच असायचा. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

माझा हा मामेभाऊ मात्र खराखुरा पैलवान आहे. वय बावीस, वजन ब्याण्णव. पांझरेच्या काठी गाव. जिल्हा निवड चाचणीत दोनदा उतरला, एकदा निवडला गेला. आता त्याचं म्हणणं, "तुझा मोबाइल भारी, तुझं इंग्रजी भारी. माझा व्हिडिओ बनवून दे. मी पाठवतो तिकडे."

नाही कसं म्हणणार? पण आधी थोडा अभ्यास केला. ऑफिसच्या नेटवर, अर्थात.

हा प्रकार तसा जुना आहे. २००१मध्ये एमटीव्हीवर 'टफ इनफ' सुरू झालं. पैलवान व्हायला निघालेली पोरं एका घरात ठेवायची, दिवसभर तोडायची, रात्री रडताना कॅमेऱ्यात पकडायची आणि एकेकाला घरी पाठवायचं. २००४च्या चौथ्या सीझनचा किस्सा तर भन्नाट आहे. त्या वेळी कर्ट अँगलने, म्हणजे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुवर्णपदक विजेत्याने, स्पर्धकांना खरी कुस्ती खेळायचं आव्हान दिलं. डॅनियल पुडर नावाचा पोरगा उठला आणि टीव्हीवर सगळ्यांसमोर त्याने अँगलचा हात असा काही पिळला की बघणाऱ्यांना घाम फुटला. पंचांनी झटपट तीन आकडे मोजून अँगलला जिंकवून टाकलं. पुडरची पाठ नीट टेकली होती का, यावर आजही वाद चालतात. खोट्या कुस्तीत खरी कुस्ती घुसली की अशी पळापळ होते!

पुढे पुडर तो सीझन जिंकला. दहा लाख डॉलर्सचा करार मिळाला. आणि वर्षभराच्या आत कंपनीने त्याला नारळ दिला. त्याच्याकडून हरलेला मिझ मात्र चिकटून राहिला, २०१०मध्ये चॅम्पियन झाला आणि २०११च्या रेसलमेनियात शेवटची, म्हणजे सगळ्यात मोठी लढत खेळला. शो कोण जिंकलं आणि पुढे टिकलं कोण, हे दोन वेगळे विषय आहेत. ज्यांच्याबरोबर कॅम्पसमधून टॉपर म्हणून लागलेली मंडळी होती, त्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. सकाळी धुळं, तिथून भावाच्या बाइकवर गाव. मामींनी शेवभाजी केली होती, सकाळी नऊ वाजता. खान्देशात पाहुण्याच्या पोटाचं मत विचारत नाहीत.

आखाडा म्हणजे पत्र्याची शेड, मारुतीची तसबीर आणि ताक, तेल, हळद घालून खणलेली लाल माती. भाऊ म्हणाला, "दादा, आधी एक दाखवतो. क्लिपा बघून शिकलो." दोन पावलं मागे गेला, हनुवटी छातीला लावली, हात पसरले आणि धप्पकन पाठीवर पडला. सपाट.

कोपऱ्यात जोर मारणारी दोन पोरं थांबली. वस्ताद तसबिरीला हार घालत होते, तेही वळले. आखाड्यात कुणी आपणहून पाठ टेकवली, हे त्यांनी जन्मात पाहिलं नसावं.

गंमत बघा. आपल्या कुस्तीत सहा-सात वर्षांचं पोरगं रेवड्यांच्या कुस्तीला उतरतं, तेव्हापासून त्याला एकच शिकवतात. काहीही होवो, पाठ टेकवायची नाही. मान मोडायची वेळ आली तरी पूल करायचा, कुशीवर वळायचं, पण पाठ नाही. पाठ टेकली की चितपट, विषय संपला. आणि तिकडच्या शाळेत पहिला धडाच पाठीवर पडायचा. त्याला 'बम्प' म्हणतात. हनुवटी आत, तळहात जोरात आपटायचे, सगळी पाठ एकदम टेकवायची, म्हणजे मार वाटला जातो. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी सांगाडा. निकाल आधी ठरलेला असतो, मान्य. पण फळीला ते माहीत नसतं. तिथलं जिंकणं खोटं असेल, पडणं शंभर टक्के खरं आहे.

म्हणूनच एलएफजीच्या पहिल्या सीझनची महिला विजेती मला फार आवडली. टायरा मे स्टील. खरं नाव तमायरा मेन्सा-स्टॉक. टोकियो ऑलिंपिकमध्ये ६८ किलो गटात कुस्तीचं सुवर्ण जिंकलेली बाई! जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी टेकवल्या, ती नव्याने स्वतः पडायला शिकली. आपल्यातला कोण सीनियर मॅनेजर पुन्हा ट्रेनी व्हायला तयार होईल?

असो. व्हिडिओ.

स्क्रिप्ट मी बसमध्येच लिहिली होती. रिअॅलिटी शो म्हणजे काय लागतं, हे आपण गाण्याच्या स्पर्धा बघून शिकलोय. आवाज नंतर, आधी आईचे डोळे. मी झकास लिहिलं होतं, 'मी एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरी दुधालाही पैसे नव्हते...' इंग्रजीत तर आणखीच करुण वाटत होतं.

भाऊ लंगोटावर उभा राहिला, मी मोबाइल धरला. भावाला इंग्रजी जमेना, म्हणून आधी मराठीतून तालीम. दुसऱ्या वाक्याला मामा आले. हातात दुधाची किटली, पोराचा खुराक. किटली खाली ठेवून मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले,

"आठे गरीब कोन शे, भाचा?"

इथे गरीब कोण आहे?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांकडे दोन म्हशी. त्यातल्या एकीचं दूध सहा वर्षांत डेअरीला एक लिटरही गेलेलं नाही, सगळं या पोराच्या पोटात. कापसाला भाव नसलेल्या वर्षी मामींच्या पाटल्या मोडल्या, पण बदाम बंद झाले नाहीत. याला तंगी म्हणा. पण मामांच्या लेखी ही गरिबी नव्हती, घरात पैलवान असण्याची किंमत होती. आणि मी ती तीस सेकंदांत विकायला निघालो होतो. अमेरिकेतल्या लोकांना, अंडरटेकरच्या साक्षीने.

मामा रागावले नाहीत, हे जास्त लागलं.

यांच्या डोळ्यांसमोर कोण आहे, तेही सांगतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी. २०१४, २०१५ आणि २०१६, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. तीन वर्षं दर वेळी पुन्हा शून्यापासून उतरायचं, माती किंवा गादी विभाग जिंकायचा आणि मग अंतिम लढत. त्यानंतर २०१७मध्ये ते पोलीस उपअधीक्षक झाले. २०२३मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णही आणलं. खान्देशातल्या प्रत्येक आखाड्यात पोरं हे पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

टीव्ही मात्र आमच्याकडे वळला नाही. २०१२मध्ये अमेरिकन कंपनीच्या मदतीने कलर्सवर 'रिंग का किंग' आलं. चित्रण पुण्यात, बालेवाडीला. पंजाबचा महाबली वीरा चॅम्पियन झाला, सव्वीस भागांत खेळ आटोपला, दुसरा सीझन आलाच नाही. पुन्हा त्याच बालेवाडीत २०१८मध्ये झी टॉकीजची 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' झाली. खरी कुस्ती, झगमगाटात. संघ सहा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, सातारा, मराठवाडा, विदर्भ. खान्देशच्या नावाचा संघ नाही! तीनदा केसरी देणाऱ्या मुलखाच्या नावाने जर्सीसुद्धा नाही. आमच्या पोरांनी अंडरटेकरकडे बघायचं नाही तर कुणाकडे?

संध्याकाळी पांझरेच्या कडेला बसून मी भावाला अभ्यासातलं उरलेलं सांगितलं. एलएफजीत बाहेरून व्हिडिओ पाठवून जाता येत नाही. ती पोरं कंपनीच्या फ्लोरिडातल्या केंद्रात आधीच दाखल झालेली असतात. मुंबईत २०१९च्या मार्चमध्ये कंपनीने चाचणी घेतली होती, तेव्हा हा सोळा वर्षांचा. हे मला गुरुवारीच कळलं होतं. तरी मी आलो, कारण फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पुढची चाचणी कधी?"

"माहीत नाही रे."

"मग तोवर पोलीस भरतीचं ग्राउंड चालू ठेवतो. पण व्हिडिओ काढून ठेव. पडायचं काही वाया नाही जात."

रविवारी सकाळी काढला. चाळीस सेकंद. नाव, गाव, वजन, वस्तादांचं नाव, मग एक ढाक आणि एक बम्प. गरिबी नाही, रडणं नाही. शेवटी मागे मामा किटली घेऊन उभे दिसतात, ते मी कापलं नाही.

निघताना भाऊ म्हणाला, "दादा, आता तू पड." मी पडलो. हनुवटी विसरलो, हात विसरलो, डोकं दणकन आपटलं. पोरं हसली, वस्ताद हसले, मामा तर किटली ठेवून हसले. सोमवारी प्रेझेंटेशनमध्येही तसाच पडलो. अकराव्या स्लाइडवर, सगळ्यांसमोर, सपाट. या वेळी हनुवटी आत होती, एवढीच प्रगती.

शर्टाच्या पाठीवर लाल मातीचा डाग आहे. तीन धुण्यांत गेला नाही. धोबी म्हणाला, नवीन घ्या. म्हटलं, राहू द्या.