घरी बनवलेला कॉफी फ्लेवर आणि व्हेप : पोटाला चालते ते फुप्फुसाला का चालत नाही?

ई-सिगारेटवर देशभर बंदी आणणारा अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द लोकसभेत एक सदस्य ई-सिगारेट ओढत असल्याची तक्रार झाली. दिल्लीत ही स्थिती असेल, तर जळगाव-धुळ्यात बंदी पूर्ण पाळली जाते असे समजण्याचे कारण नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

मात्र व्हेपची गोष्ट गुटख्यापेक्षा थोडी वेगळी आहे. यंत्र एकदा हाती आले की आत भरायचा द्रव संपतो. तो महाग असतो आणि उघडपणे मिळत नाही. मग मुले मोबाइलवर शोधतात आणि 'घरच्या घरी फ्लेवर बनवा' अशी माहिती सहज सापडते. त्यात कॉफी सर्वात निरुपद्रवी वाटते. कॉफी प्रत्येक किराणा दुकानात मिळते, आई-वडीलही पितात आणि तिचा वास आला तर कोणी संशय घेत नाही. 'घरचं आहे, म्हणजे शुद्ध आहे' हा विचार इथे कसा फसतो, ते या लेखात समजून घेऊ.

फोडणीचा ठसका आठवा

भरताच्या वांग्यासोबत हिरवी मिरची भाजली जाते किंवा गरम तेलात तिखट पडते, तेव्हा काय होते? घरभर ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते. तीच मिरची आपण जेवणात आवडीने खातो. पदार्थ एकच, पण तो शरीरात कोणत्या वाटेने जातो यावर परिणाम ठरतो.

पोटाकडे आम्ल आहे, पाचक रस आहेत आणि शोषलेले पदार्थ आधी यकृतातून जातात. तिथे बऱ्याच गोष्टी निष्प्रभ होतात. फुप्फुसाकडे असे काहीच नाही. तिथे कोट्यवधी वायुकोश असतात, त्यांची भिंत अतिशय पातळ असते आणि पलीकडे थेट रक्त असते. प्राणवायू सहज आत जावा म्हणून ही रचना इतकी नाजूक आहे. पाणी, तेल किंवा साखर पचवणे हे तिचे काम नाही.

म्हणून बाटलीवर 'खाद्य' असे लिहिलेले असले, तर ते फक्त खाण्यापुरते खरे असते. बेकरीत वापरला जाणारा कॉफी इसेन्स केकमध्ये चालतो, कारण त्याची तपासणी खाण्यासाठी झालेली असते. तो तापवून छातीत ओढला तर काय होईल, हे त्या तपासणीत पाहिलेलेच नसते.

कॉफीच्या वासातच अडचण आहे

भाजलेल्या कॉफीच्या वासात शेकडो रसायने असतात. त्यांतली दोन इथे महत्त्वाची आहेत : डायअ‍ॅसिटिल आणि २,३-पेंटेनडायोन. लोण्यासारखा, मऊ, भाजका वास यांच्यामुळे येतो. कॉफी भाजताना आणि दळताना ती आपोआप तयार होतात, वरून काही मिसळावे लागत नाही.

२००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना एक दुर्मीळ आजार झाल्याचे लक्षात आले. फुप्फुसातील सर्वात बारीक श्वासनलिका व्रण होऊन कायमच्या अरुंद होतात, असा हा आजार आहे. लोण्याच्या फ्लेवरच्या वाफेशी त्याचा संबंध जोडला गेला आणि त्या वाफेत डायअ‍ॅसिटिल होते. पुढे टेक्सासमधील कॉफी प्रक्रिया कारखान्यात, जिथे कॉफीला फ्लेवर लावले जात, तिथल्या दोन कामगारांमध्येही हाच आजार आढळला. त्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. कामाच्या जागी हवेच्या एक अब्ज भागांत डायअ‍ॅसिटिलचे ५ भागांपेक्षा जास्त प्रमाण नसावे, अशी शिफारस अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये केली. मर्यादा किती कडक आहे, हे यावरून दिसते.

२०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले. त्यांपैकी ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडले. ब्रिटनमध्ये ई-सिगारेटच्या द्रवात ते वापरायला बंदी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाला 'पॉपकॉर्न लंग' होतो, असे सांगणारे संदेश फिरतात. त्याला पुरावा नाही. पण ज्या रसायनामुळे कामगारांची फुप्फुसे कायमची निकामी झाली, ते स्वतःच्या हाताने, कोणतेही मोजमाप न करता वाफेत मिसळणे धोक्याचेच आहे. आणि हो, कप भर कॉफी पिण्याने किंवा तिचा वास घेण्याने हा आजार होत नाही. ती भीती बाळगू नका.

तेल, साखर आणि ओलावा

कॉफीच्या बियांमध्ये साधारण १० ते १५ टक्के तेल असते. घरी अर्क काढला की त्यातले काही उतरतेच. कापडातून किंवा कागदातून गाळले, तरी ते पूर्ण जाईल याची खात्री नाही. फुप्फुसात तेल साचले तर शरीर ते पचवू शकत नाही. तिथे सूज येते आणि एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. तो जंतूंमुळे झालेला नसल्याने अँटिबायोटिकने बरा होत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसाला गंभीर इजा होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतले बरेच गांजाचा अंश असलेले, अनौपचारिक मार्गाने मिळालेले द्रव वापरत होते. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात 'ई' जीवनसत्त्वाचे तेलकट रूप सापडले. हेच जीवनसत्त्व आपण गोळीतून घेतो आणि त्वचेला लावतो, तिथे ते चालते.

साखरेचेही तसेच. बाजारातल्या तयार कॉफीच्या पाकिटात अनेकदा साखर, दूध पावडर आणि चिकोरी असते. व्हेपच्या तापलेल्या तारेवर साखर करपते आणि त्यातून अल्डिहाइड, फ्युरान यांसारखी त्रासदायक द्रव्ये तयार होतात. शिवाय घरगुती अर्कात पाणी असते. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात असा अर्क बाटलीत चार दिवस ठेवला, तर त्यात जंतू आणि बुरशी वाढायला वेळ लागत नाही.

'शुद्ध ग्लिसरीन' कोण तपासणार?

फ्लेवर ज्या पातळ पदार्थात मिसळतात, तो बहुधा ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असतो. महाराष्ट्राला ग्लिसरीनचा एक कडू अनुभव आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन होते. या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक मुले गेली, त्यामागेही हेच रसायन होते.

दोन्ही ठिकाणी निदान परवाना, नोंदी आणि प्रयोगशाळा होत्या, म्हणून दोष शोधता आला. हे रसायनही रंगहीन, दाट आणि गोडसर असते. डोळ्यांनी किंवा वासाने ओळखता येत नाही. वसतिगृहाच्या खोलीत बाटलीत मिसळलेला द्रव कोण तपासणार?

त्यात निकोटिन मिसळले असेल तर धोका आणखी वाढतो. थेंबांच्या हिशेबात चूक झाली की मळमळ, घाम, धडधड, क्वचित झटकेही येतात. कॉफीच्या वासाची अशी बाटली घरातल्या लहान मुलाने तोंडाला लावली, तर ती जीवघेणी ठरू शकते.

बंदीचा खरा अर्थ काय?

कायदा ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी घालतो. वस्तू पूर्ण असो वा तिचा एखादा भाग, निकोटिन असो वा नसो. साठवणूक वगळता इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे मित्रांसाठी भरून विकणे ही गंमत राहत नाही. ओढणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात वेगळी शिक्षा नाही.

'इंग्लंडमध्ये डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप सुचवतात' हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, पण तिथल्या नियंत्रित उत्पादनांपुरता आणि सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपुरता. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तोंडाने तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. इथे व्हेप हातात घेणारा कॉलेजचा मुलगा बहुधा सिगारेट सोडत नसतो, तो नवे व्यसन सुरू करत असतो.

बंदीमुळे उघड विक्री थांबली, हे चांगलेच झाले. पण जे चोरून चालते त्यावर ना लेबल, ना तपासणी. आणि भीतीपोटी मुले डॉक्टरांपासूनही लपवतात. सर्वात मोठे नुकसान इथे होते.

तुम्ही काय कराल?

- डॉक्टरांना खरे सांगा. खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप किंवा उलट्या असतील आणि व्हेप वापरले असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. बारीक श्वासनलिकांच्या आजारात एक्स-रे साधा दिसू शकतो आणि दमा समजून उपचार होत राहतात. डॉक्टर पोलीस नाहीत.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणीही करा. व्हेप ओढतो म्हणून खोकला, असे गृहीत धरू नका.
- धाप वाढली, ओठ निळसर झाले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जळगाव अथवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.
- मुलाने द्रव गिळला तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा.
- पालकांनो, खोलीत कॉफीचा वास, ड्रॉपरच्या बाटल्या, पेन ड्राइव्हसारखे यंत्र दिसले तर आधी विचारा, मग रागवा. मूल बोलते झाले तरच मदत करता येते.
- सोडायचे असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ वर विनामूल्य सल्ला मिळतो.

कॉफी आवडते? मग कपात घ्या. खाण्याजोगी प्रत्येक गोष्ट श्वासाजोगी नसते, एवढे एक वाक्य घरातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत जरूर पोहोचवा.