चार मिलिमीटर की बावीस?

दोन टोकांवर साधा टेकलेला, 4 मीटर गाळ्याचा वन-वे स्लॅब घ्या. जाडी 150 मिमी, प्रभावी खोली 125 मिमी, एम 25 काँक्रीट, एफई 500 चे 0.4 टक्के स्टील. भार चौरस मीटरला 8.25 किलोन्यूटन, त्यातला 6.25 कायमचा. ताकदीत तो बसतो. लिनियर अ‍ॅनालिसिस चालवले की मध्यावर जेमतेम 3.9 मिमी डिफ्लेक्शन दिसते. मर्यादा गाळ्याच्या अडीचशेव्या भागाची, म्हणजे 16 मिमी, सगळे आलबेल.

आता हाच स्लॅब आयएस 456 च्या परिशिष्ट सीप्रमाणे हाताने सोडवा. छेद तडकल्यामुळे तात्काळ डिफ्लेक्शनच 15.4 वर जाते. 28 दिवसांचा क्रीप गुणांक 1.6 धरून क्रीपचे 4.7 आणि श्रिंकेजचे 1.8 मिळवले की बेरीज 22 च्या घरात. स्लॅब नापास!

सॉफ्टवेअर इथे चुकलेले नाही, तडकणे आणि क्रीप यांबद्दल आपण त्याला विचारलेच नाही. ‘सेफ’ या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तीन क्रॅक्ड केस लागतात: पूर्ण भार तात्काळ, कायमचा भार तात्काळ आणि कायमचा भार दीर्घकालीन. पहिलीत तिसरी मिळवून दुसरी वजा करायची. नुसती तिसरी वाचली तर उरलेला लाइव्ह लोड सुटतो. दुसरी वजा करायची राहिली तर कायमचा भार दोनदा मोजला जातो. भूकंपासाठी टाकलेले स्लॅबचे मॉडिफायर तसेच राहिले तर तडकण्याचा परिणामही दोनदा मोजला जातो. मॉडेल अख्ख्या इमारतीचे असेल, तर वरच्या मजल्यांवर कॉलम आखडण्याचे मिलिमीटरही त्याच आकड्यात मिसळलेले असतात. ते आधी वजा करा.

साइटकडे तर फारच कमी लक्ष जाते. सेंटरिंग सातव्या दिवशी निघून भार आला, तर क्रीप गुणांक 2.2 होतो. वरच्या स्लॅबचे प्रॉप खालच्या कोवळ्या स्लॅबवर उभे राहिले, तर राहायला माणसे येण्याआधीच तो तडकतो. ब्लॉकच्या भिंती चढल्यानंतर जे वाकणे होते, तेच भिंतींना चिरा पाडते, टाइल्स उचकटते. त्यासाठी मर्यादा वेगळी: गाळ्याचा साडेतीनशेवा भाग किंवा 20 मिमी, यांतले जे कमी ते.

म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक प्रकल्पात सर्वांत मोठ्या गाळ्याची एक स्ट्रिप हाताने सोडवावी आणि ते पान डिझाइन फायलीत लावावे. प्रूफ चेकिंग करणाऱ्यांनीही ते मागून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. हाताच्या आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यांत तफावत राहणारच, पण तिचे कारण सांगता येत नाही तोवर ड्रॉइंग साइटवर जाऊ नये.