रात्रीच्या उजेडावरून गरिबी मोजताना

दर दिवाळीला व्हॉट्सअॅपवर एक चित्र हमखास फिरते. अंतराळातून दिसणारा भारत, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल ठिपक्यांची आरास आणि खाली ओळ: दिवाळीच्या रात्रीचा भारत. ते चित्र दिवाळीचे नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून तयार केले. १९९२ च्या आधीपासून उजळलेला भाग त्यात पांढरा आहे. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेले दिवे अनुक्रमे निळे, हिरवे, लाल. दिवाळीच्या रोषणाईने पडणारा फरक अंतराळातून जाणवणे अवघड, असा खुलासा ‘नासा’ने २०१२ मध्येच केला होता. सणाचे म्हणून लोक पुढे पाठवतात, ते चित्र खरे तर कोणती शहरे फुगली आणि विजेच्या तारा कुठवर पोचल्या, याचा नकाशा आहे.

अर्थतज्ज्ञ अशाच नकाशांवर गेली काही वर्षे गंभीरपणे काम करत आहेत. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त मांडले, की जिथे सरकारी आकडे कच्चे असतात तिथे रात्रीच्या उजेडातली वाढ आर्थिक वाढीचा अंदाज सुधारते. भारतात याचा ठळक उपयोग नोटाबंदीच्या अभ्यासात झाला. गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार उजेड तपासला, कारण रोखीवर चालणारा असंघटित धंदा तिमाही आकड्यांत नीट उतरत नाही. नोटाबंदीच्या तिमाहीत आर्थिक वाढ किमान दोन टक्के-बिंदूंनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे काम मोलाचे आहे. सत्तेला अडचणीच्या प्रश्नाचेही उत्तर त्यातून काढता आले.

मात्र भारतात या तंत्राचे आकर्षण वाढण्यामागे एक खेदाचे कारणही आहे. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने रद्द केले. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मोजणी थांबली, की अंदाजांना भाव येतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला, एखाद्या पट्ट्यातला दहा वर्षांतला बदल पाहायला उजेड जरूर वापरावा. पण कोणते गाव गरीब, कुणाला योजनेचा लाभ द्यायचा, हे त्यावरून ठरवू नये.

घारापुरीचेच पाहा. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात पोचता येणारे हे बेट. तिथली लेणी जगप्रसिद्ध, पण राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांना संध्याकाळी सुमारे तीन तास जनरेटरची वीज मिळायची. त्यानंतर अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. जुन्या उपग्रहांच्या चित्रांत मोठ्या शहरांचा उजेड आजूबाजूच्या पाण्यावरही सांडलेला दिसतो. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदर. अशा चित्रात रात्री काळोखात बसलेले हे बेट उजळ ठरण्याचीच शक्यता जास्त.

२०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहाचा कॅमेरा पुष्कळ तीक्ष्ण आहे. तरी त्याचा एक ठिपका साधारण पाऊण किलोमीटरचा असतो. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये आहे ती फक्त मिठी नदी; दोन्ही एकाच ठिपक्यात मिसळू शकतात. शिवाय हा उपग्रह डोक्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास. तेव्हा खेड्यातल्या घरातला दिवा कधीच मालवलेला असतो. दिसतात ते महामार्ग, एमआयडीसी आणि रस्त्यावरचे खांब. मराठवाड्यातला शेतकरी त्याच वेळी बॅटरी घेऊन, साप-विंचवाला सांभाळत उसाला पाणी देत असतो, कारण शेतीच्या फीडरला वीज रात्रीच्या पाळीत आलेली असते. ती वीज मोटार फिरवते, पीक उभे करते, घरात पैसा आणते. नकाशावर ते शेत काळेच राहते.

उलटही घडते. नायजेरियाच्या खनिज तेलाच्या पट्ट्यात जाळला जाणारा वायू आकाशातून झगमगतो. त्याच्या उजेडात राहणारी गावे गरीबच आहेत. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की या कॅमेऱ्याला शहर मंद झाल्यासारखे वाटू शकते, कारण एलईडीच्या प्रकाशातला निळा भाग तो टिपत नाही. आणि पावसाळ्यात कोकणावर ढग बसले, की वापरण्याजोग्या रात्री फारच थोड्या उरतात.

यावर उपाय म्हणून आता दिवसाची छायाचित्रेही जोडली जातात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये नायजेरिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि रवांडा या देशांत अशा चित्रांवरून गरिबीचा अंदाज बांधून दाखवला. त्या अंदाजासाठी संगणकाला शिकवायला घरोघर जाऊन केलेले सर्वेक्षणही लागलेच. ते बंद पडले, तर अंदाज बरोबर की चूक हे ताडायचे कशावर?

जमिनीवरून मोजण्याचा एक नमुना पुण्यातच आहे. ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने देशभरात घरांत आणि दुकानांत प्लगला लावायची छोटी यंत्रे बसवली. यंत्र मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवते आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. वीज गेली किती वाजता, आली केव्हा, दिवा लागेल इतका दाब होता का, हे त्यातून कळते. ‘गावात वीज पोचली’ या वाक्यापेक्षा ही माहिती किती तरी खरी आहे. सरकारी व्याख्येप्रमाणे दहा टक्के घरांत वीज आली, तरी गाव विद्युतीकृत धरले जात असे.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ-तारखेची जनगणना होत आहे. प्रशासनाने उजेडाचे नकाशे प्रगणकांच्या हाती द्यावेत. कागदावर वीज आहे आणि आकाशातून अंधार दिसतो, अशा गावांची यादी आधी काढावी आणि तिथल्या नोंदी दोनदा तपासाव्यात. गावनिहाय आकडे वर्षानुवर्षे न अडवता खुले करावेत. महावितरणनेही प्रत्येक फीडरला रोज किती तास आणि कोणत्या वेळी वीज दिली, हे त्या आकड्यांशेजारी ठेवावे. फीडरवरची ही मोजणी त्यांच्याकडे होतेच.